सात नंबरची टेकडी

शिडीबाई पडली हे खरं, पण ती इमारतीवरून पडली हे साफ खोटं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण तिला नव्याने भेटणारा जो तो मान एका बाजूला कलती करून, आवाज खाली आणून विचारतो, "कितव्या मजल्यावरून हो?" आणि मग बाईचा तो दिवस वाया जातो. बाई रंगारी. उमेदीची सगळी वर्षं लोकांच्या इमारती बाहेरून रंगवण्यात गेली. बांबूच्या परांचीवर उभी राहून एका हाताने ब्रश चालवायची आणि दुसऱ्या हाताने चहा प्यायची. तिथून कधी ब्रशसुद्धा पडला नाही तिच्या हातून. आणि पडली कुठे, तर स्वतःच्या स्वयंपाकघरात, दिवा बदलायला स्टुलावर चढली तेव्हा. स्टुलाचा एक पाय आखूड होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एरवी ती त्याच्याखाली कागदाची घडी सरकवायची. त्या दिवशी आळस केला. पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालचं सगळं कायमचं गप्प झालं. पाय गेल्याचं दुःख होतंच, पण स्टुलाने केलेला अपमान तिला त्याहून जास्त झोंबायचा.

शिडीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. खांद्यावर लांबलचक शिडी घेऊन ती रस्त्याने निघाली की माणसं आपोआप बाजूला व्हायची. ती वळायला लागली की दुकानदार आपापल्या काचा सांभाळायचे. त्यावरून रंगाच्या दुकानात कुणीतरी हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. ती चाकांच्या खुर्चीत बसल्यावर काही शहाण्यांनी ते नाव घेणं सोडलं, तिला वाईट वाटेल म्हणून. तेव्हा तिने एकेकाला गाठून बजावलं, "पाय गेलेत, नाव नाही गेलेलं. मुकाट्याने शिडीबाई म्हणा."

घरात ती आणि तिची मोठी बहीण, दोघीच. ताई इस्पितळात परिचारिका होती, आता निवृत्त. दोघींचं लहानपणापासून कधी म्हणून पटलं नाही. खिडकी उघडी ठेवायची की बंद, दूध आधी तापवायचं की भांडी आधी घासायची, कशावरूनही जुंपायची. भांडणाशिवाय त्या घरात चहा उकळत नसे. कुणी परका आला तर त्याला वाटायचं, आता या एकमेकींचं तोंड बघणार नाहीत. आणि त्या मात्र पाच मिनिटांनी एकाच ताटात शेंगा सोलत बसलेल्या असायच्या.

पण धाकटी पडली आणि ताईने भांडण सोडलं. इतकी वर्षं रुग्णांची सेवा केलेली बाई ती, तिने घरातच एक रुग्ण करून ठेवला. धाकटी काही बोलली की "बरं." काही केलं की "छान." केस वेडेवाकडे कापून घेतले तरी छान. खुर्ची दारावर आपटून रंग उडवला तरी "असू दे गं, छान दिसतंय." एकदा शिडीबाईने मुद्दाम भाजीत दोनदा मीठ घातलं. ताईने घोट घोट पाणी पीत ती पानातली सगळी संपवली आणि म्हणाली, "छान झालीय." यापुढे आपण काहीही केलं तरी ते छानच ठरणार, हे त्या क्षणी शिडीबाईला कळून चुकलं. माणसाला निदान वाईट स्वयंपाक करायची तरी मुभा हवी की नको? तीही गेली. ताई एकटीच नव्हे, सगळी गल्ली तशीच. भाजीवाली म्हणे छान, डॉक्टर म्हणे छान, खालून वरून छान. शिडीबाईला वाटायचं, आपल्याला कुणी माणसांतून काढून देव्हाऱ्यात ठेवलंय, आणि देव्हाऱ्यातल्या देवाशी कोण भांडतं?

घर तळमजल्यावर. तिच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, आणि फक्त तीच दिसायची. ती भिंत शिडीबाईनेच रंगवलेली, कधीकाळी घाईघाईत. अर्धी रंगवून जेवायला बसली, तोवर कडा सुकली, मग पुढचा हात मारला. त्यामुळे भिंतीच्या मधोमध एक आडवा पट्टा उमटला तो उमटलाच. तेव्हा तिने "कोण बघतंय?" म्हणून सोडून दिला होता. आता रोज सकाळी उठून तीच बघत होती. त्या भिंतीपलीकडे शहर संपतं आणि टेकडी सुरू होते: जुनी दगडाची खाण, खाणीच्या कुशीतून उतरणारा ओढा, वरती गवताचा उघडा माथा. कुठल्याही इमारतीची वरची पट्टी रंगवताना ती टेकडी तिच्या पाठीशी असायची. कामाकडे मागे सरून बघायचं नाही, हा परांचीवरचा पहिला नियम. पण मान वळवून टेकडी बघायला कुणाची बंदी नव्हती.

मग एका दुपारी समोरच्या इमारतीत लग्न होतं आणि नाक्यावरचा फोटो स्टुडिओवाला शूटिंगला आला. त्याने पेटीतून एक चार हातांचं यंत्र काढून अंगणात ठेवलं. ते गुणगुणत वर उठलं, शिडीबाईच्या खिडकीसमोर आलं, भिंतीवरच्या त्या पट्ट्यापाशी जरासं घुटमळलं आणि भिंत ओलांडून निघून गेलं. बाई खिडकीत हनुवटी टेकून बसली होती, ती तशीच बसून राहिली. आणि मग एवढ्या मोठ्याने ओरडली की ताई पदराला हात पुसत धावत आली.

"काय झालं? दुखतंय का कुठे?"

"ताई, शिडी विकायची."

शिडी विकली, त्यात साठवलेले थोडे घातले आणि एक जुना वापरलेला ड्रोन घरात आला. ताईने ते एवढंसं यंत्र हातात घेऊन खालीवर पाहिलं. पुरुषभर उंचीच्या तीन शिड्या होतील अशी शिडी देऊन हे खेळणं आणलं! तिच्या जिभेच्या टोकावर निदान तासाभराचं भांडण आलेलं शिडीबाईला स्पष्ट दिसलं. तिने खुर्चीत सावरून बसून वाट पाहिली. ताईने ते भांडण गिळलं आणि म्हणाली, "छान आहे."

उडवायला परवानगी असलेलं एक मोकळं मैदान पाण्याच्या टाकीमागे होतं. तिथे शिडीबाई रोज खुर्ची रेटत जाऊ लागली. शिकवायला स्टुडिओवाला तयार झाला. माणूस मोठा गोड. हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाचा तो चिटणीस, दर वर्षी मंडळाची व्हिडिओ स्पर्धा भरवायचा. त्याने रिमोट कसा धरायचा, बॅटरी कशी जपायची, वाऱ्यात काय करायचं हे सगळं मनापासून शिकवलं. फक्त तिचं काही चुकलं की तो दुसरीकडे बघायचा. ड्रोन डोलायला लागला तरी "वा, वा, जमतंय की!" काटेरी झुडपात जाऊन अडकला तरी "पहिल्या वेळेला फारच छान!"

ड्रोन मात्र तसा नव्हता. साऱ्या जगात तो एकटाच असा निघाला की ज्याने तिची गय केली नाही. पुढे तोंड करून जात असला की डावी काठी, उजवी काठी सगळं सुतासारखं सरळ. पण तो तिच्याकडे तोंड करून परत यायला लागला की डावं उजवं होऊन बसायचं. ती गोंधळायची आणि तो खुशाल टाकीवर जाऊन आपटायचा. पाती तुटायची. ती शिव्या घालायची. नवी पाती बसवून पुन्हा. तो पुन्हा आपटायचा. मैदानाचा रखवालदार झुडपातून ड्रोन काढून द्यायचा आणि हसायचा, "बाई, याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं!" शिडीबाई म्हणायची, "हाकू दे की. शेळ्या तुमच्या नाहीत ना?" संध्याकाळी घरी येताना ती घामाने निथळलेली आणि चिडलेली असायची, आणि कित्येक महिन्यांत इतकी खूश नव्हती.

जमिनीवर उतरलेला ड्रोन तिला वाकून उचलता येत नसे. मग तिने रंगाचा मोठा रिकामा डबा उलटा करून खुर्चीशेजारी ठेवला आणि त्यावरच उतरवायचा सराव केला. सुरुवातीला डबा तिकडे, ड्रोन इकडे आणि बाई मधे डोकं झाकून. पुढे पुढे तो नेमका डब्यावर येऊन बसायला लागला. रखवालदाराने टाळ्या वाजवल्या तर ती म्हणाली, "टाळ्या नकोत. डबा अजून थोडा डावीकडे हवा होता."

उडवणं जमलं तेव्हा ती टेकडीकडे वळली, आणि तिथे तिने जी चूक केली ती फक्त रंगारीच करू शकतो. तिने टेकडी रंगवली. म्हणजे काय, तर ड्रोन पायथ्याच्या डाव्या टोकाला नेला, तिथून सरळ उजव्या टोकाला. मग थोडा वर घेऊन उजवीकडून डावीकडे. पहिल्या पट्ट्यावर दुसरा पट्टा बोटभर चढला पाहिजे, मधे कुठे कोरडं राहता कामा नये. असा माथ्यापर्यंत एकही कोपरा न सोडता तिने अख्खी टेकडी शूट केली. बॅटऱ्या बदलून बदलून काही दिवस हे काम चाललं. मग लॅपटॉपवर सगळं एकापुढे एक जोडलं आणि ताईला बसवलं बघायला. टेकडी डावीकडून उजवीकडे गेली. उजवीकडून डावीकडे आली. पुन्हा गेली. पुन्हा आली. ताईची मान आधी तिच्याबरोबर फिरली, मग थांबली, मग हळूहळू छातीवर उतरली. शेवटी तिला हलवून जागं केलं तेव्हा ती दचकून म्हणाली, "छान! फारच छान!"

शिडीबाईला हसूही आलं आणि रडूही.

स्टुडिओवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला, "यावर थोडं संगीत टाकू, बहरून जाईल." मग तिने काय केलं, गल्लीचं नाव नाही, स्वतःचं नाव नाही, खुर्चीचा तर पत्ताच नाही, असा तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकून दिला. दुसऱ्या दिवशी कुणा अनोळखी माणसाची एक ओळ आली. "टेकडी पुसताय का? डोकं गरगरलं."

तिने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग खुर्ची गर्रकन फिरवून स्वयंपाकघरात गेली आणि ताईला वाचून दाखवली. ताई संतापली. "कोण मेला हा? त्याला काय माहीत तुझी..."

"काही माहीत नाही त्याला!" शिडीबाईचे डोळे चमकत होते. "तेच तर! त्याला काहीच माहीत नाही, ताई."

तिथून तिच्या अंगात आलं. दुसऱ्यांचे व्हिडिओ बघून बघून ती एडिटिंग शिकायला बसली. आधी तिने सगळ्या चुका मन लावून करून घेतल्या. एक चित्र जाऊन दुसरं येताना पान उलटायचं, चांदण्या उडायच्या, दार उघडायचं. हे सगळे प्रकार तिने एकाच मिनिटात वापरले. गवताचा हिरवा इतका चढवला की ते गवत कुठल्या गाईनेही तोंडात धरलं नसतं. मग एकेक उतरवत गेली. चांदण्या गेल्या, दार गेलं. सकाळी घेतलेली टेकडी पिवळट आणि दुपारची निळसर दिसते, दोन्ही शेजारी ठेवली की दोन वेगळ्या डब्यांतला रंग मारल्यासारखं होतं, हे तिला लगेच खटकलं. ते तिने बसून बसून जुळवलं. पण कापायला हात धजत नव्हता. रंगाऱ्याचा धर्म झाकायचा, भरून काढायचा. जे आहे ते काढून टाकायचं, मोकळं सोडायचं, हे तिच्या बोटांना पटेना. एकेक शॉट काढताना जणू आपण भिंतीचा तुकडा कोरडा सोडतोय असं वाटायचं. तरी कापत गेली. तासांची टेकडी पाच मिनिटांवर आणली.

सुरुवात मात्र तिने पुन्हा नवी शूट केली. इमारतीतल्या सगळ्यांचा होकार घेऊन ड्रोन स्वतःच्या खिडकीखालून उडवला: आधी पडद्यावर फक्त भिंत, अगदी जवळून, मधोमध तो आडवा पट्टा. मग कॅमेरा सावकाश वर, वर, आणि भिंत संपल्याबरोबर एकदम टेकडी. हा शॉट तिचा तिलाच आवडला. त्यानंतर खाण, मग ओढा, मग माथ्यावरचं वाऱ्याने झोपलेलं गवत. ओढ्याच्या शॉटने तिचा जीव घेतला होता. काठाच्या झाडांतून, पाण्यावर हात दीड हात उंचीवरून, वळणावळणाने ड्रोन न्यायचा. एकदा तो पाण्यात पडून त्याची मोटर बदलावी लागली, आणि शेवटी जेव्हा जमला तेव्हा ती मैदानात एकटीच ओरडली होती. तो शॉट तिने इकडून तिकडे बोटभरसुद्धा कापला नाही.

स्पर्धेसाठी व्हिडिओ पाठवल्यावर आठवड्याने स्टुडिओवाला स्वतः घरी आला. हातात लॅपटॉप, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"बाई, तुमच्यासाठी एक गंमत केलीय. बघा तरी."

पडदा उजळला. आधी काळोख. मग रडकं व्हायोलिन. मग मैदानावर एक चाकांची खुर्ची, पाठमोरी, खुर्चीत शिडीबाई, हातात रिमोट. हे त्याने कधी लपून टिपलं होतं कोण जाणे. त्यावर मोठ्या अक्षरात 'जिद्द'. आणि त्याच्या मागून तिची टेकडी, व्हायोलिनमध्ये भिजून चिंब. भिंतीचा शॉट काढून टाकलेला. ताईने डोळ्याला पदर लावला. "छान," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

शिडीबाईने व्हिडिओ संपेपर्यंत वाट पाहिली. मग विचारलं, "माझ्या टेकडीत माझी खुर्ची कुठून आली?"

"अहो, तुम्हाला स्पर्धेत नाही धरलं आम्ही. स्पर्धेच्या वर ठेवलंय! शेवटी खास सन्मान. शाल, पुष्पगुच्छ. लोकांना केवढी प्रेरणा मिळेल."

"प्रेरणा कमी पडत असेल तर लोकांनी टॉनिक घ्यावं. मला स्पर्धेत घ्या."

"बाई, स्पर्धेत परीक्षक असतात. यंदाच्या बाई तर बाहेरगावच्या, एडिटिंगमध्ये केस पांढरे झालेत त्यांचे. फार फटकळ आहेत. नाव न सांगता नुसत्या नंबरावर तपासतात. कमीजास्त बोलल्या तर तुम्हाला उगाच वाईट..."

"वाटू दे." शिडीबाईचा आवाज चढला. "माझं वाईट वाटणं माझं आहे, भाऊ. ते तरी ठेवा माझ्याकडे. पायांवर उभी राहत नाही म्हणून कामावरही उभी राहू नको म्हणता का? बाकीच्यांना मार्क आणि मला शाल? शाल कुणाला देतात, ज्याच्याकडून आता काही होणार नाही त्याला देतात. मला नंबर द्या. व्हायोलिन काढा, खुर्ची काढा, भिंत जशी होती तशी परत लावा. हे सगळं नाही केलंत तर माझा व्हिडिओ मी परत घेऊन जाते, आणि तुमच्या त्या सन्मानाच्या खुर्चीवर तुम्हीच शाल पांघरून बसा."

ताई मधे पडली. "अगं, एवढ्या प्रेमाने केलंय त्यांनी..."

"ताई, तूही ऐक. मला माझ्या कामावर कुणीतरी खरं बोललेलं ऐकायचंय. मग ते वाईट का असेना. मेले तरी चालेल, पण छान म्हणू नका!"

स्टुडिओवाल्याने लॅपटॉप मिटला. माणूस वाईट नव्हता. दारात चप्पल घालता घालता म्हणाला, "सात नंबर रिकामा आहे."

स्पर्धेच्या संध्याकाळी सभागृहाच्या तीन पायऱ्यांवर तिच्या सांगण्यावरून एक रुंद फळी टाकली होती. चार तरुण तिला उचलून न्यायला तयार होते, त्यांना तिने हात जोडले आणि फळीवरून स्वतः वर गेली. मागच्या रांगेच्या टोकाला, अंधारात, ताईशेजारी बसली. पुढे टेबलाशी परीक्षकबाई: किडकिडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चेहऱ्यावर असा भाव की यांना आजवर कुणी हसवलेलं नाही. प्रत्येक व्हिडिओ झाला की दिवे लागायचे आणि त्या तोंडावर सांगायच्या. दोन नंबरवाल्याला म्हणाल्या, "सूर्यास्त चांगला आहे, पण तो सूर्याने केलाय. तुम्ही काय केलंत?" शिडीबाईने ताईचा हात घट्ट धरला. तिचे तळवे ओले झाले होते. पहिल्यांदा परांचीवर चढली त्या दिवशी झाले होते तसे.

सात नंबर लागला. भिंत आली, पट्टा आला, टेकडी उघडली. मागे कुठेतरी कुणी "अरे!" म्हणालं. खाण गेली, ओढा आला. ओढा वळला. पुन्हा वळला. अंधारात कुणीतरी खोकलं. पुन्हा वळला. शिडीबाईला आयुष्यात पहिल्यांदा तो ओढा लांब वाटला.

दिवे लागले. परीक्षकबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान वर केली.

"भिंतीवरून उघडलंय, ते नेमकं आहे. माथ्यावरचं गवत चांगलं. ओढा देखणा आहे आणि तिप्पट लांब आहे. मला वाटलं, समुद्र आल्याशिवाय हा माणूस काही थांबत नाही." सभागृहात हशा पिकला. "हा शॉट मिळवायला फार कष्ट पडलेले दिसतात. जो कष्टाने मिळतो तोच कापवत नाही. पण बघणाऱ्याला तुमचे कष्ट दिसत नाहीत, त्याला ओढाच दिसतो. सात नंबर कोण?"

शिडीबाईने चाकांवर हात टाकला आणि रांगेतून पुढे आली. हशा जागच्या जागी विझला. हसलेली माणसं आपापल्या पायांकडे बघायला लागली. परीक्षकबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. स्टुडिओवाला घाईघाईने उठला. "बाई, यांची परिस्थिती जरा..."

शिडीबाई परीक्षकबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. आता त्या तोंडातून छान निघालं तर संपलं.

"मला क्षितिजाची परिस्थिती सांगा," परीक्षकबाई म्हणाल्या. "शेवटच्या शॉटमध्ये ते डावीकडे कललंय. हं, तर सात नंबर, का कललंय?"

"कललेलं नाही!" शिडीबाई एवढ्या जोरात म्हणाली की पुढच्या रांगेतला माणूस दचकला. "डोंगरच तसा उतरता आहे तिथे."

"डोंगर उतरता असेल. मागचं आभाळही उतरतं आहे का?"

शिडीबाईने शेवटचा शॉट आठवून पाहिला. "बघते," ती म्हणाली.

"आणि ओढा?"

"ओढा... लांब आहे."

"बसा," परीक्षकबाई म्हणाल्या, मग आपण काय बोललो ते कळून त्यांनी नुसता पुढचा कागद ओढला. "आठ नंबर लावा."

सात नंबरला बक्षीस मिळालं नाही. उत्तेजनार्थसुद्धा नाही. पहिलं बक्षीस कुणा धबधबेवाल्याला गेलं आणि ते त्याला जाणंच रास्त होतं. शिडीबाई फळीवरून उतरून रस्त्याला लागली तेव्हा तिचे गाल पेटले होते. राग, लाज, आनंद, कशाने ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिच्या ओढ्याला लोक हसले होते. तिच्या ओढ्याला!

ताई शेजारून चालत होती. मग घसा खाकरून म्हणाली, "खरं सांगू? तो ओढा मला पहिल्यापासूनच लांबलचक वाटत होता."

शिडीबाईने चाकं करकचून थांबवली. "मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलणार? तू..."

"मी काय? क्षितिजाचं ती काहीही म्हणू दे, डोंगरच तसा आहे तिथे!"

"राहू दे गं!" ताईचा आवाज एकदम जुना झाला, स्टुलाच्या आधीचा. "आभाळ कललंय ते मला आंधळीलाही दिसलं. म्हणे डोंगरच तसा! नाचता येईना, अंगण वाकडं!"

बोलली, आणि जीभ चावून उभी राहिली. आपण काय बोलून बसलो, कुणाला बोलून बसलो, ते तिच्या तोंडावर उमटलं. तिने हात पुढे केला. "अगं, मला तसं..."

पण शिडीबाई हसत होती. दोन्ही हातांनी पोट धरून, खुर्ची हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. आणि मग श्वास परत आल्याबरोबर म्हणाली, "अंगण वाकडंच आहे! आणि दीडशहाणे, तुला ओढा लांब वाटत होता तर तू पहिल्या व्हिडिओला झोपलीस का?"

"झोपणार नाही तर काय! टेकडी इकडून तिकडे, तिकडून इकडे, मला वाटलं तू फडकं मारतेयस!"

"आणि शिडी? शिडी विकली तेव्हा काय वाटलं?"

"अक्कल विकलीस असं वाटलं! सांगू का सगळं? भाजीत मीठ..."

"सांग! एकूण एक सांग!"

घराच्या आधीचा चढ आला. शिडीबाई दमली होती. "ढकल जरा," ती म्हणाली. ताईने मूठ धरून खुर्ची ढकलली, आणि मिठावरून जे सुरू झालं होतं ते वरपर्यंत थांबवलं नाही.